पानिपतची रसद आणि बातमीची वाट



 विषय निवडण्याची मोकळीक या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला दिली आणि मी पानिपत निवडले. महाराष्ट्रात पानिपताची ओळख करून द्यावी लागत नाही. इथे प्रत्येकाचे पानिपताबद्दल काही ना काही मत असते. विश्वासरावांना गोळी लागल्यावर भाऊसाहेबांनी काय करायला हवे होते, मल्हारराव रणातून निघून गेले ते योग्य की अयोग्य, बायकामुले आणि यात्रेकरू बरोबर का नेले, असे वाद पिढ्यान्पिढ्या चालू आहेत. यातले बहुतेक वाद एका दिवसाभोवती फिरतात, तो म्हणजे पानिपतच्या लढाईचा दिवस, १४ जानेवारी १७६१.

मला बोलायचे आहे ते त्या दिवसाआधीच्या दहा महिन्यांबद्दल. मार्च १७६० मध्ये भाऊसाहेबांनी, म्हणजे सदाशिवरावभाऊंनी, पटदूरहून कूच केले, तेव्हापासून रणसंग्रामाच्या सकाळपर्यंत दोन्ही छावण्यांना रोज तेच प्रश्न पडत होते. शत्रूचे धान्य कोणत्या वाटेने येते? त्याची कुमक कुठपर्यंत पोचली? यमुनेला उतार कुठे आहे, नावा कोणाच्या ताब्यात आहेत? ज्याला या प्रश्नांची उत्तरे वेळेवर मिळाली, तो जिंकला. मराठी फौज शौर्यात कमी पडली नाही. ती परक्या मुलखात आंधळी झाली आणि मग उपाशी पडली. हे आंधळेपण का आले, हा आजच्या माझ्या बोलण्याचा गाभा आहे.

सुरुवात मोहिमेच्या आधीपासून करू. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. यमुनेच्या पात्रातल्या वेळूबनातून आणि झाऊच्या झाडीतून शत्रू किती संख्येने उतरतो आहे, याचा अंदाज त्या सकाळी आला नाही. त्यानंतर मार्च महिन्यात सिकंदराबादेजवळ मल्हारराव होळकरांच्या फौजेला मोठा फटका बसला. रोहिला सरदार नजीबखानाच्या बाजूचा खजिना अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीकडे जातो आहे, ही बातमी मल्हाररावांना मिळाली होती आणि तो पकडण्यासाठी ते दुआबात थांबले होते. शत्रूच्या खजिन्याची वाट त्यांना कळली, पण त्यांच्या स्वतःवर चालून येणारी अब्दालीच्या सेनापतीची, जहानखानाची, दौड वेळेत कळली नाही. गनिमी काव्यात मुरलेल्या त्या सेनापतीची ही गत झाली. भाऊसाहेब उत्तरेकडे निघाले तेव्हा हे दोन्ही धक्के ताजे होते.

आता त्या काळची बातमीची यंत्रणा कशी होती ते पाहू. मराठ्यांचे वकील दरबारोदरबारी असत आणि तिथून अखबार, म्हणजे घडामोडींची पत्रे, पाठवत. पत्रे नेण्यासाठी जासूद, काशीद, सांडणीस्वार असत. जासूद बहुधा जोडीने निघत, म्हणजे एकाला वाटेत काही झाले तरी दुसरा पोचेल. शत्रूच्या गोटात शिरून बातमी काढणारे हरकारे वेगळे. याशिवाय आणखी दोन वाटा होत्या, त्यांच्याकडे आपले लक्ष कमी जाते. एक सावकारांची. हुंडीचा व्यवहार ज्या गावांतून चाले त्या गावांत पेढीचा माणूस असे, आणि त्याची पत्रे सरकारी डाकेपेक्षा कधी कधी लवकर पोचत. दुसरी वाट बंजाऱ्यांची. हजारो बैलांवर धान्य लादून हे लोक फौजांना पुरवठा करत. कोणत्या घाटात पाणी आहे, कोणत्या परगण्यात पीक बुडाले, कोणती वाट लुटारूंनी धरली, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसे. रसद आणि बातमी अशा एकाच रस्त्याने चालत. धान्याचा रस्ता बंद झाला की बातमीही आटते, हे पानिपताने दाखवून दिले.

पुढचा मोठा अडसर यमुना नदी होती. भाऊसाहेबांचा मूळ बेत चांगला होता. इटाव्याच्या बाजूला नावांचा पूल बांधायचा, दुआबात उतरायचे, अब्दालीला रोहिल्यांच्या मुलखातच गाठायचे आणि अयोध्येच्या शुजाउद्दौल्याला त्याच्याकडे जाऊ द्यायचे नाही. नावा जमवण्याचे काम इटाव्याकडे असलेल्या गोविंदपंत बुंदेल्यांवर सोपवले होते. पण गंभीर नदी ओलांडण्यातच फौजेचे दिवस गेले, पाऊस लवकर आला, यमुना दुथडी भरली आणि पुलाचा बेत मोडला. जुलैमध्ये शुजा अनुपशहराला जाऊन अब्दालीला मिळाला. त्याला अडवण्याची संधी हुकली, आणि ती हुकण्यामागे नदीचे पाणी आणि नावांची टंचाई होती.

इथे गोविंदपंतांबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण पानिपताच्या दोषारोपात त्यांचे नाव वारंवार घेतले जाते. भाऊसाहेबांनी त्यांना लिहिलेली अनेक पत्रे उपलब्ध आहेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून पानिपत मोहिमेचा असा पत्रव्यवहार अभ्यासकांच्या हाती आला. भाऊसाहेबांच्या त्या पत्रांत काय मागणी आहे ते पाहा. मामलतीचा पैसा ताबडतोब पाठवा. नावा जमवा. शुजाच्या हालचालींवर नजर ठेवा आणि त्याला आपल्या बाजूला वळवण्याचा प्रयत्न करा. धान्य पाठवा. दुआबात शिरून शत्रूच्या मुलखात धुमाकूळ घाला आणि त्याची रसद तोडा. वसुली, वाहतूक, हेरगिरी, मुत्सद्देगिरी आणि छापे ही पाच निरनिराळी कामे एका वृद्ध कमाविसदारावर, म्हणजे वसुली अधिकाऱ्यावर, पडली. तो मुलूख नीट ओळखणारा दुसरा माणूस पेशव्यांकडे तिथे नव्हता. पैसा पोचला नाही म्हणून भाऊसाहेबांचा त्रागा समजण्यासारखा आहे. पण ज्या मुलखात मराठ्यांची सत्ता डळमळली होती तिथे वसूल तरी कोण देणार? गोविंदपंतांच्या माथी सगळे खापर फोडणे सोपे आहे. माझ्या मते दोष रचनेचा होता. पुरवठा आणि बातमी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या जीवावर टांगल्या गेल्या होत्या.

ऑगस्टच्या आरंभी मराठ्यांनी दिल्ली घेतली. विजय मोठा होता, पण राजधानी रिकामी होती. अब्दाली आणि त्याच्या आधीच्या लुटारूंनी ती कित्येकदा धुऊन नेली होती. फौजेचा खर्च भागवण्यासाठी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून रुपये पाडावे लागले. याच सुमारास सूरजमल जाट मराठ्यांना सोडून गेला. त्याच्या जाण्याने काही हजार स्वार कमी झाले, हे नुकसान मी लहान समजतो. त्याच्याबरोबर भरतपूर, डीग, मथुरेच्या टापूतले धान्य, गावोगावचे पाटील-जमीनदार आणि त्यांच्याकडून येणारी खबर, एवढे सगळे गेले. त्या मुलखातल्या शेतकऱ्याशी मराठी फौजेचे नाते आता सूरजमलच्या मार्फत राहिले नव्हते.

दाण्याच्या शोधात भाऊसाहेब उत्तरेकडे सरकले आणि १७ ऑक्टोबर १७६० रोजी त्यांनी कुंजपुरा घेतला. कर्नाळजवळच्या या ठाण्यात अब्दालीसाठी मोठा धान्यसाठा, पैसा आणि घोडे जमा करून ठेवले होते. ही या मोहिमेतली रसदेवरची सर्वांत यशस्वी धाड. शत्रूची कोठारे कुठे आहेत, त्यांच्या रक्षणाला किती माणसे आहेत आणि नदीपलीकडून अब्दाली मदत पाठवू शकतो की नाही, या तिन्ही गोष्टी मराठ्यांना नेमक्या कळल्या होत्या. फुगलेल्या नदीपलीकडे अब्दाली हात चोळत बसला. त्याचा सरदार अब्दुस्समदखान आणि दत्ताजींचे शिर कापणारा कुत्बशाह, दोघेही तिथे मारले गेले. माहिती अचूक असली की मराठी फौज काय करू शकते, याचा हा पुरावा आहे.

पण कुंजपुऱ्याहून फौज आणखी उत्तरेला कुरुक्षेत्राकडे गेली, आणि नेमक्या त्याच दिवसांत यमुनेचे पाणी ओसरू लागले. २५ आणि २६ ऑक्टोबरला अब्दाली बागपतजवळच्या उताराने यमुना पार करून आला. नदीचा प्रवाह अजून जोरात होता आणि त्याची काही माणसे वाहून गेली, पण फौज अलीकडे आली. मराठ्यांची त्या बाजूला पुरेशी चौकी नव्हती आणि बातमी मुख्य छावणीपर्यंत पोचली ती शत्रू उतरल्यानंतर. सोनपतच्या बाजूची मराठी ठाणी अचानक कापली गेली.

नदीला उतार कुठे आहे, हे अब्दालीला कसे कळले? तो कंदाहारचा. यमुना त्यालाही परकीच होती. पण नजीबखान आणि त्याचे रोहिले दुआबात वसलेले होते. त्यांच्या जहागिरी तिथे, शेते तिथे, सोयरे तिथे. पावसाळ्यानंतर पाणी कधी आणि कुठे उतरते, हे नदीकाठच्या माणसाला पुस्तकात पाहावे लागत नाही. अब्दालीने आपले डोळे बरोबर आणले नव्हते. त्याला ते नजीबखानाने दिले. मराठ्यांना असे डोळे देणारा माणूस नदीच्या त्या काठावर नव्हता.

त्यानंतर दोन्ही फौजा पानिपताजवळ समोरासमोर आल्या आणि मोठे विचित्र चित्र उभे राहिले. अब्दाली दक्षिणेला, म्हणजे दिल्ली आणि पुण्याच्या वाटेवर. भाऊसाहेब उत्तरेला, म्हणजे काबूल-कंदाहारच्या वाटेवर. प्रत्येकाने दुसऱ्याची घरची वाट अडवली होती. पहिले काही आठवडे मराठ्यांचे पारडे जड होते. अफगाण छावणीत टंचाई भासू लागली. मराठी फौजेला पतियाळ्याच्या आलासिंगाच्या बाजूने धान्य मिळत होते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या आडोशाला खंदक खणून छावणी मजबूत केली होती. शत्रू उपासमारीने मागे हटेल, असा हिशेब होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

फरक होता तो एवढाच की अब्दालीच्या मागे यमुना होती आणि यमुनेपलीकडे रोहिल्यांचा सुपीक मुलूख होता. तिथून धान्याचा ओघ चालू राहिला. तो तोडायचे काम पुन्हा गोविंदपंतांवर आले आणि त्यांनी ते काही दिवस केलेही. दुआबात शिरून त्यांनी अब्दालीची रसद अडवली, त्याच्या छावणीत महागाई वाढली. हे अब्दालीला कळायला वेळ लागला नाही. डिसेंबर १७६० च्या मध्यास त्याने अताईखानाबरोबर निवडक घोडदळ यमुनेपलीकडे धाडले. रातोरात दौड करून ते गाझियाबादेकडच्या जलालाबादेजवळ गोविंदपंतांच्या मुक्कामावर आदळले. गोविंदपंत मारले गेले. त्यांचे शिर भाऊसाहेबांकडे पाठवण्यात आले. शत्रूची रसद तोडणारा एकमेव हात त्या दिवशी कापला गेला आणि माझ्या दृष्टीने पानिपताचा निकाल तिथेच लागला. पुढचे चार आठवडे म्हणजे त्या निकालाची अंमलबजावणी होती.

अब्दालीची पद्धत कशी होती, याचे वर्णन काशीराज पंडिताने करून ठेवले आहे. हा मूळचा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, अफगाण छावणीत त्या काळात वावरत होता आणि पुढे त्याने आपली हकिकत फारसीत लिहिली. तो सांगतो की छावणीच्या पुढे अब्दालीचा एक लहान लाल तंबू असे. पहाटेची प्रार्थना आटोपून तो आपल्या मुलाला आणि थोड्या स्वारांना घेऊन निघे, प्रत्येक चौकी स्वतः पाहत असे आणि मराठ्यांच्या छावणीचाही अंदाज घेत असे. रात्री पाच हजार स्वार मराठी छावणीच्या दिशेने पुढे जाऊन शस्त्र घेऊन उभे असत, आणि आणखी पथके सगळ्या परिसरात गस्त घालत. म्हणजे रात्री मराठ्यांच्या गोटातून बाहेर पडणाऱ्या माणसाची गाठ आधी या स्वारांशी पडे. तो जासूद असो, बंजारा असो, की कहीला, म्हणजे चारा-लाकूड आणायला निघालेला मोतद्दार असो. एका रात्री कहीला बाहेर पडलेले मराठी छावणीतले हजारो लोक असेच सापडले आणि कापले गेले. त्यानंतर घोड्यांना वैरण आणायलाही माणूस मिळेना.

याच दिवसांतली आणखी एक घटना सांगतो. दिल्लीत मराठ्यांचे सरदार नारोशंकर होते. तिथून पैसा पानिपताला पाठवायचा होता. वाटा बंद म्हणून स्वारांच्या कमरेला रुपयांच्या थैल्या बांधून त्यांना रात्रीच्या अंधारात धाडले. जानेवारीची थंडी, दाट धुके. वाट चुकून ती तुकडी अफगाण छावणीत शिरली. आपलीच छावणी समजून त्यांनी मराठीत हाका मारल्या आणि त्या हाकांनीच त्यांचा घात केला. जवळजवळ सगळे मारले गेले, पैसा शत्रूच्या हाती पडला. दिल्ली ते पानिपत हे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. एवढ्या अंतरात एकही गाव असे उरले नव्हते जिथे त्या स्वारांना थांबून वाट विचारता आली असती.

१३ जानेवारीपर्यंत छावणीतला दाणा संपला. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे लोक भाऊसाहेबांना सांगू लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फौज बाहेर पडली. काशीराजाच्या हिशेबाने मराठ्यांचे सुमारे ५५ हजार घोडदळ आणि १५ हजार पायदळ होते, समोर सुमारे ४२ हजार घोडदळ आणि ३८ हजार पायदळ. एकूण संख्येचा फरक फार मोठा नव्हता. पण एका बाजूची घोडी आठवडेच्या आठवडे अर्धपोटी होती, आणि दोन्ही बाजूंना पुरेसे खायला मिळत असते तर निकाल हाच लागला असता असे मला वाटत नाही.

नानासाहेब पेशवे या वेळी फौज घेऊन माळव्यात आले होते. त्यांना पानिपताची वार्ता मिळाली ती भेलशाच्या मुक्कामी, २४ जानेवारीला, लढाईनंतर दहा दिवसांनी. तीही आपल्या वकिलाकडून किंवा सरदाराकडून मिळाली नाही. एका सावकाराच्या काशिदाजवळ सापडलेल्या सांकेतिक पत्रातून ती कळली. व्यापाऱ्याची बातमी चालू राहिली आणि राज्याची तुटली, कारण व्यापाऱ्याचे गावोगावी कोणीतरी होते.

इथपर्यंतच्या हकिकतीतून मी काढलेला निष्कर्ष असा. शत्रूच्या रसदेची आणि हालचालींची बातमी ही बियाण्यासारखी असते. ती युद्धाच्या आधी कित्येक हंगाम मुलखात पेरावी लागते, ऐन वेळी पोत्यात भरून नेता येत नाही. सह्याद्रीत शिवाजी महाराजांना बहिर्जी नाइकांसारखे हेर मिळाले, कारण डोंगरातला माणूस त्यांना आपला मानत होता. उत्तरेत मात्र मराठ्यांनी वर्षानुवर्षे चौथाई घेतली, जयपूर-जोधपूरच्या वारसाहक्कांच्या भांडणांत बाजू घेतल्या, जाटांवर चालून गेले, आणि त्या बदल्यात तिथल्या रयतेला स्थिर राज्यकारभार दिला नाही. रजपूत तटस्थ राहिले. सूरजमल निघून गेला. नदीकाठच्या नावाड्याला मराठी फौजेला सावध करावेसे वाटावे, असे त्याच्यासाठी कोणी काही केले नव्हते. हे बोलणे आपल्याला टोचते, पण टोचले तरी बोललेच पाहिजे.

सलोखा असता तर काय झाले असते, याचे उत्तर लढाईनंतरच मिळाले. पानिपतातून वाचून आलेल्या हजारो मराठ्यांना सूरजमलनेच अन्न, कपडे आणि आसरा दिला. तीच माणसे, तीच गावे लढाईच्या आधी आपल्या बाजूला असती, तर बागपतच्या उतारावरची खबर एक दिवस आधी पोचणे अशक्य नव्हते.

कोणी म्हणेल, आता उपग्रह आहेत, ड्रोन आहेत, हा अठराव्या शतकातला धडा कशाला? मी त्यांना १९९९ च्या मे महिन्याची आठवण करून देईन. कारगिलच्या बटालिक भागात घुसखोर आल्याची पहिली खबर भारतीय सैन्याला यंत्रांनी दिली नाही, तिथल्या मेंढपाळांनी दिली. डोंगरावर अनोळखी माणसे दिसल्यावर आपल्या सैन्याला जाऊन सांगावे, असे त्यांना वाटले. पुढे के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गुप्तवार्ता यंत्रणेतल्या उणिवांवर विस्ताराने लिहिले आणि त्यातून सुधारणा झाल्या. पण सीमेवरचा माणूस आपला असणे, ही गोष्ट कोणत्याही समितीला ऐन वेळी आदेश देऊन घडवता येणार नाही. ती शांततेच्या काळातल्या रस्त्यांतून, शाळांतून, दवाखान्यांतून आणि सैनिकांच्या वागण्यातून घडते.

शेवटी एक विनंती. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावर लिहिण्यासाठी कागदपत्रांबरोबर प्रत्यक्ष रणभूमीही पायाखाली घातली. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग संपादित केले. राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१० साली स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आजही पुण्यात उभे आहे. या सगळ्यांनी कष्ट केले, तरी मोडी लिपीतले न वाचलेले कागद अजून रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले आहेत. सेनापतींची पत्रे बरीचशी छापली गेली. धान्य खरेदीचे हिशेब, जासुदांना दिलेली बिदागी, बंजाऱ्यांशी केलेले करार, नावांची भाडी, चौक्यांचा खर्च असल्या कागदांकडे मात्र अभ्यासकांचे हात कमी वळले, कारण त्यांत वीरश्री दिसत नाही. फौज कशी जगली आणि कशी उपाशी पडली, याची खरी उत्तरे अशाच कागदांत मिळतात.

या सभागृहात महाविद्यालयीन विद्यार्थी बरेच दिसतात. तुमच्यापैकी ज्यांना पानिपताबद्दल तळमळ आहे त्यांनी मोडी शिकावी. पुण्यात आणि इतर अनेक ठिकाणी तिचे वर्ग चालतात आणि थोड्या महिन्यांच्या नेटाने ती वाचता येऊ लागते. नंतर एखादा रुमाल सोडावा आणि त्यातल्या हिशेबांच्या याद्या वाचायला बसावे. पानिपतावर पुढचे चांगले पुस्तक तिथून निघेल आणि ते तुमच्यापैकी कोणीतरी लिहावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.